पन्नास-साठच्या दशकातल्या घराची न्हाणी आणि स्वयंपाकघर: नळ, बेसिन, ओटा कसे निवडावेत

बेळगावच्या टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, कॅम्प या भागांत, किंवा निपाणी-खानापुरात 1950 ते 1970 च्या दरम्यान बांधलेली बरीच घरं आता दुरुस्तीला निघाली आहेत. बांधणारे गेले, मुलं पुण्या-बेंगळुरूला गेली आणि कुणीतरी परत येऊन घर राहण्याजोगं करायला घेतलं की पहिला घाव बसतो तो न्हाणीवर आणि स्वयंपाकघरावर. गवंडी मोरीकडे बघतो, "हे सगळं फोडूया की, नवं घालूया" म्हणतो, आणि बघता बघता टाइल छताला टेकते.

दुसरी चूक याच्या उलटी. घर जुनं म्हणून "अँटिक" नावाचे काळपट पितळी नळ, राजवाड्यातले वाटावेत असे वळणदार पाय असलेलं बेसिन आणि परदेशी मासिकातल्या लांबट पांढऱ्या टाइल आणायच्या. आपल्याकडच्या त्या काळच्या घरात यातलं काहीही नव्हतं. तेव्हाची न्हाणी साधी होती: पाइप भिंतीवर उघडे, नळ वायसर बदलला की पुन्हा चालणारे, आणि अंघोळीची ओली जागा बाकीच्या जमिनीपेक्षा खाली. हे तीन नियम पाळून केलेली निवड त्या घरात शोभते, मग वस्तू कालच दुकानातून आणलेली का असेना.

घर कुठल्या सालचं, न्हाणी कुठल्या सालची

या दोन तारखा बहुधा वेगळ्या असतात. शहापुरातल्या गल्लीतलं घर शंभर वर्षांचं असेल, पण संडास घरात आला साठच्या दशकात. मग त्या संडासाला 1960 चीच वस्तू शोभेल, पेशवाईची नव्हे.

कागद पाहा. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यानंतर म्हैसूर राज्यात, आणि 1973 पासून राज्याचं नाव कर्नाटक. बांधकाम परवाना, घरपट्टीची पावती, नकाशा यांवरच्या मथळ्यावरूनच काळ बराचसा कळतो. मापं हीसुद्धा चांगली खूण आहे. देशात मेट्रिक मापं सक्तीची झाली ती साठच्या दशकाच्या सुरुवातीला. जमिनीच्या टाइल नेमक्या 8 इंची आणि भिंतीच्या नेमक्या 6 इंची निघाल्या तर काम त्याआधीचं किंवा जुन्या साच्यांवरचं समजायला हरकत नाही.

चिनी मातीच्या भांड्यांचे शिक्के वाचा. पन्नाशीच्या सुरुवातीच्या घरांत इंग्लंडचा शिक्का सापडतो. 1957 नंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयात आवळली गेली आणि देशी माल वाढला. जॉन्सनची भारतातली टाइल कंपनी 1958 ची, हिंदुस्तान सॅनिटरीवेअर 1960 ची. त्यामुळे 1964 च्या घरात देशी शिक्क्याचं साधं पांढरं बेसिन हेच अस्सल. त्यासाठी इंग्रजी बेसिन शोधत मुंबईच्या चोरबाजारापर्यंत जायची गरज नाही.

फोडायच्या आधी एक काम चुकवू नका: भिंती वाचा. कपाटामागे जुन्या ऑइलपेंटची रेघ दिसते, बहुतेक वेळा पोपटी किंवा आकाशी, जमिनीपासून चारेक फुटांवर. संडासात डोक्यावर दोन मोठ्या स्क्रूंची भोकं दिसली तर तिथे साखळीची लोखंडी टाकी होती. न्हाणीच्या कोपऱ्यात भिंत काळवंडलेली असेल तर तिथे बंब किंवा बसवलेला हंडा होता. फोटो काढा, मापं लिहा. नंतर वस्तू निवडताना दुकानदाराच्या कॅटलॉगपेक्षा ही वही कामाला येते.

नळ बघण्याआधी पाणी बघा

बेळगाव शहराला पाणी येतं राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून, आणि अनेक भागांत ते रोज येत नाही. म्हणजे आपण नळाला पाणी देतो ते गच्चीवरच्या टाकीतून. टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल तर दाब साधारण 1 बार (बार हे दाबाचं माप). एकमजली कौलारू घरात टाकी फार तर 3 मीटर वर असते, म्हणजे दाब जेमतेम 0.3 बार. आजचे बरेच मिक्सर आणि मोठ्या चकतीचे शॉवर याहून जास्त दाब गृहीत धरून बनवतात. दुकानात छान वाहणारा नळ घरी येऊन करंगळीएवढी धार देतो तो याच कारणाने.

मोजायला उपकरण लागत नाही. 10 लिटरची बादली नळाखाली ठेवा आणि पूर्ण सोडून वेळ बघा. बादली भरायला मिनिटाहून जास्त लागत असेल तर नवा नळ घेण्यात अर्थ नाही, दोष पाइपात आहे. साठ वर्षांच्या जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडी, पाइपाला आतून गंज चढून अर्ध्या इंचाचं भोक पेन्सिलीएवढं उरतं.

पाण्याचा स्वभावही या भागात सगळीकडे सारखा नाही. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूर-चंदगडच्या अंगाला जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी मऊ आणि किंचित आंबट असतं. ते जस्ताचा लेप खातं, आणि तांब्याच्या पाइपाखाली बेसिनवर हिरवट डाग पाडतं. पूर्वेला, गोकाक-रायबाग-अथणीच्या काळ्या मातीत पाणी जड, क्षारांचं. तिथे बारीक जाळीच्या नळतोंडांवर पांढरा थर बसतो. तिथे शॉवर घ्यायचा तर जुन्या पद्धतीचा, मोठ्या भोकांची झारी असलेला आणि झारी हाताने फिरवून काढता येणारा घ्या. व्हिनेगरमध्ये बुडवून घासली की झालं.

पाइप: उघडे ठेवा, पण अर्थिंग विसरू नका

आपल्या भागातल्या त्या काळच्या भिंती जाड, जांभ्याच्या किंवा काळ्या दगडाच्या, चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या. त्यात पाइप लपवायला खाच मारली की जांभा भुगा होऊन पडतो, आणि पुढे पाइप गळला तर ओल कुठून येते ते पावसाळाभर कळत नाही. तेव्हा पाइप भिंतीवरून, क्लिपांनी धरलेले असत, भिंतीपासून बोटभर सुटे. तसेच ठेवा. दिसायलाही तेच बरोबर आहे आणि दुरुस्तीलाही. उघड्या जागी जीआय किंवा तांबं, आणि जिथे नजर जात नाही तिथे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाइप, अशी वाटणी चालते. तांबं आणि जीआय थेट जोडू नका. मध्ये पितळी जोड असावा, नाहीतर सांध्यापाशी जीआय लवकर गंजतो. पाण्याचा प्रवाह जीआयकडून तांब्याकडे असावा, उलटा नको.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. जुन्या अनेक घरांत विजेचं अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाइपालाच जोडलेलं असे. तो पाइप काढून प्लास्टिकचा घातला की घराचं अर्थिंग कुणाच्या लक्षात न येता संपतं. वर न्हाणीत विजेचा गीझर बसवला तर तो जिवावर बेतू शकतो. प्लंबरआधी वायरमनला बोलवा, स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा करून घ्या आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवा. यात काटकसर नको.

संडासाचा करडा, खडबडीत उभा पाइप असबेस्टॉस सिमेंटचा असू शकतो. तो कापू, घासू किंवा हातोड्याने फोडू नका, धूळ फुप्फुसाला घातक असते. सांध्यातून अख्खा उतरवा, आधी पाणी मारून ओला करा, आणि इतर राडारोड्यात मिसळू नका.

नळ

इथे थोडा वेळ द्यायला हवा, कारण न्हाणीचा काळ सगळ्यात आधी दिसतो तो नळात.

त्या काळचा नळ म्हणजे फिरवून आवळायचा, आत वायसर असलेला पितळी नळ. मोरीत आणि परसात तो उघडा पितळी, पिवळा. न्हाणीत आणि बेसिनवर क्रोमचा मुलामा दिलेला. मुलाम्याचा चकचकीतपणा हीच तेव्हाची नवलाई होती. म्हणून अस्सल काळ हवा असेल तर बेसिनवर क्रोम लावा आणि परसात साधं पितळ. काळपट "अँटिक" मुलामा दोन्हीकडे चुकीचा. मूठ चार पाकळ्यांची किंवा आडव्या दांडीची, वर गरम-थंडची छोटी बटणं. एका दांडीचा मिक्सर आपल्याकडे घरोघर आला तो बऱ्याच नंतर.

आनंदाची गोष्ट म्हणजे हे नळ आजही बनतात. पितळी बिबकॉक (नेहमीचा तोटीचा नळ) आणि स्टॉपकॉक (पाइपातलं पाणी बंद करायचा नळ) यांसाठी आयएस 781 हे भारतीय मानक आहे. नळावर ते कोरलेलं आहे का बघा आणि हातात घेऊन वजन करा. हलका नळ म्हणजे पातळ ओतीव किंवा जस्ताचा भेसळ धातू. आटेही बदललेले नाहीत. इंच गेले, मिलिमीटर आले, पण नळाचे आटे ब्रिटिश पाइपाचेच राहिले. त्यामुळे 1955 च्या पाइपाला आजचा अर्धा इंची नळ बसतो. फक्त एक ध्यानात ठेवा: अर्धा इंच हे नाव आहे, माप नाही. अर्धा इंची आट्याचा बाहेरचा व्यास सुमारे 21 मिमी भरतो आणि पाऊण इंचीचा सुमारे 26.5 मिमी. व्यास मोजायला व्हर्नियर नसेल तर जुना नळच काढून दुकानात न्या.

कमी दाबालाही हेच नळ बरे, कारण वायसरचा नळ पूर्ण उघडला की वाट मोठी मिळते. चतुर्थांश फेरीत उघडणारे चिनी मातीच्या चकत्यांचे नळ सोयीचे आहेत, विशेषतः घरात वयस्कर माणूस असेल आणि बोटं आखडत असतील तर. तेव्हा मूठ जुन्या वळणाची आणि आतला भाग नवा असं मिश्रण घ्या. माझा कल असा: मोरीत, परसात वायसरचे नळ. बेसिनवर आणि आजी वापरते त्या नळाला चकत्यांचे.

जुना नळ गळतो म्हणून टाकून देऊ नका. वायसर, मग आतली बैठक घासणं, मग दांडीभोवतीचं पॅकिंग, या क्रमाने बघा. दांडीचे आटेच गेले असतील तर उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडे न्या. ओतकाम आणि यंत्रकामावर उभ्या असलेल्या त्या वसाहतीत एक पितळी दांडी कातणं अवघड नाही, मात्र एका नळाला तो हात घालणार नाही. चार-सहा नळ एकदम न्या.

पिण्याच्या पाण्याला मात्र जुना नळ लावू नये. जुन्या पितळात आणि जुन्या डाखात शिसं असतं, आणि मऊ, आंबट पाण्यात ते जास्त उतरतं. जुने नळ हातपाय धुवायला, झाडांना. स्वयंपाकघरात नवा.

बेसिन आणि संडास

बेसिन पांढरंच घ्या. गुलाबी, पिस्ता रंगाचे संच परदेशात गाजले, आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत क्वचितच आले. त्या काळची प्रचलित मापं 22 बाय 16 इंच आणि 25 बाय 18 इंच, आणि आजही 550 बाय 400 आणि 630 बाय 450 मिमी या नावांनी तीच मिळतात. खाली खांब नको, भिंतीतल्या ओतीव लोखंडी ब्रॅकेटवर टेकलेलं हवं, खाली मोकळं. लाकडी कपाटावर ठेवलेलं वाडग्यासारखं बेसिन तर या घरात मुळीच आणू नका. जांभ्याच्या भिंतीत ब्रॅकेट स्क्रूने धरत नाही. लांब शेपटीचा ब्रॅकेट घेऊन काँक्रीटमध्ये गाडून घ्या आणि काही दिवस भार टाकू नका. बेसिनचा निचरा 32 मिमी आणि सिंकचा 40 मिमी, हे मनात पक्कं असू द्या. बदल्यात आणलेले जोड इथेच चुकतात.

जुनं बेसिन किंवा पॅन विकत घेताना बोटाच्या पेराने टकटक करा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द आवाज आला तर तडा आहे. मग थोडी शाई ओतून पुसा. केसासारख्या रेघांत शाई राहिली तर चकाकी फुटलेली आहे, वास धरणार.

संडासात उकिडवं बसायचं पॅन आणि डोक्यावर साखळीची टाकी हा त्या काळचा जोड. सुबक दिसतो, पण पाणी खातो. जुनी टाकी एका ओढीला 10 लिटर किंवा त्याहून जास्त सोडे, आणि जुन्या पॅनचा आकार तेवढ्या पाण्यासाठीच केलेला होता. म्हणून जुन्या पॅनला नवी 6 लिटरची टाकी लावली की घाण अर्धवट राहते, आणि दोनदा ओढून पाणी जास्तच जातं. तीन-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात मी सांगेन की पॅन नवं, कमी पाण्यावर चालणारं घ्या आणि टाकी उंचावर, उघड्या फ्लश पाइपाची ठेवा. पॅन फरशीत गाडलेलं असतं, त्याचा काळ कुणी बघत नाही. टाकी आणि साखळी दिसते. घरात वयस्कर माणसं असतील तर एक कमोड लागणारच. तो साधा, पांढरा, जमिनीवर टेकलेला असावा आणि त्याची टाकी वेगळी, भिंतीवर असावी. भिंतीतून लटकणारा कमोड आणि लपवलेली टाकी जुन्या भिंतीला पेलवत नाही, आणि शोभतही नाही.

न्हाणीची जमीन, भिंत आणि गरम पाणी

अंघोळीची जागा चार बोटं खोल, कडेला उंबरठा, निचऱ्याकडे स्पष्ट उतार. ही मोरी बुजवून सपाट टाइल घातली की सगळी न्हाणी दिवसभर ओली. मोरी राखा. जमिनीला मोझॅक, राखाडी किंवा मळकट पांढऱ्या रंगात, बारीक खडीचा, किंवा शहाबादी फरशी. आरशासारखं पॉलिश करू नका, घसरतं. सध्या मिळणारा मोठमोठ्या रंगीत तुकड्यांचा मोझॅक आजच्या कॅफेतला आहे. भिंतीला 6 इंची पांढरी टाइल, चार फुटांपर्यंतच, वर काळी किंवा हिरवी पट्टी आणि त्यावर चुना किंवा ऑइलपेंट.

शहाबादी, कडाप्पा आणि मोझॅक यांना आम्ल सोसत नाही. संडास धुवायचं ॲसिड एकदा सांडलं तरी चट्टा पडतो आणि नळांचा क्रोमही जातो. कामवाल्या मावशींना हे पहिल्याच दिवशी सांगा.

तांब्याचा बंब किंवा चुलीवर बसवलेला हंडा शाबूत असेल तर भाग्य समजा. तो वापरायचा असेल तर परसाच्या बाजूने जाळ घालता येईल असा, धुराडं बाहेर काढलेला हवा. बंद न्हाणीत जळण म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वासही नसतो. गॅस गीझरलाही हेच लागू: तो न्हाणीच्या आत कधीच नको. बंबाचं पाणी उकळीपर्यंत जातं, म्हणून त्याला सीपीव्हीसी जोडू नका. तोटीखाली घंगाळ किंवा बादली हीच त्याची खरी जोडणी.

स्वयंपाकघर

एलपीजी भारतात आला 1955 साली, मुंबईत. इंडेन सुरू झालं 1965 ला. तेव्हा 1958 च्या ओट्याची रचना गॅससाठी नव्हे, शेगडी आणि रॉकेलच्या स्टोव्हसाठी आहे. शेगडीखालचा राखेचा कोनाडा, वरचं धुराडं बुजवू नका. धुराड्याच्या तोंडाशी पंखा बसवला की नव्या चिमणीचं काम तेच करतं. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला घट्ट दार नको, खाली जमिनीलगत जाळी हवी.

ओटा कडाप्प्याचा. चकचकीत ग्रॅनाइट नंतरच्या काळातलं आहे. कडाप्पा चुनखडीचा दगड, त्यामुळे लिंबू, चिंच, आमसूल पडलं की पांढरट डाग उमटतो. लगेच पुसा आणि अधूनमधून खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा. जुना ओटा बहुतेक वेळा आजच्या माणसाला बुटका पडतो. तुम्ही उभे राहून कोपर वाकवा आणि त्याखाली साधारण चार इंच, ती तुमची उंची. ओटा कमी पडत असेल तर फोडू नका, वर विटांचा पातळ थर आणि नवा कडाप्पा घाला. भाजी चिरायच्या बाजूलाच उंच केला तरी भागतं, शेगडीकडची बाजू बुटकीच बरी, मोठी भांडी ढवळायला सोपी.

सिंक स्टीलचं हवं की नको यावर घराघरात वाद होतात. कॅम्पातल्या बंगल्यांत पांढरं, जाड, खोल चिनी मातीचं सिंक सापडतं. ते दोघांनी उचलावं लागतं आणि खाली विटांचे खांब लागतात, पण आतून शाबूत असेल तर काढू नका. बाकी घरांत कोपऱ्यातली मोरी हेच सिंक होतं. मग तिथे साधं, खोल, एका भांड्याचं स्टील सिंक कडाप्प्याखाली बसवणं हा प्रामाणिक पर्याय आहे. ओट्यामागे पांढऱ्या टाइलचा दीड फुटी पट्टा पुरे.

बंद कपाटांचं काय? आपल्याकडच्या पावसात जमिनीला टेकलेलं प्लायचं कपाट फुगतं. ओट्याखाली उघडे कडाप्प्याचे कप्पे, भिंतीवर स्टीलची मांडणी, आणि दूध-उरल्यासुरल्यासाठी जाळीचं लाकडी कपाट. भंगारात अशी कपाटं सागवानी मिळतात. पाय वाटीत पाणी घालून ठेवले की मुंग्या चढत नाहीत.

कामाचा क्रम

आधी वायरमन आणि अर्थिंग, मग पाइप, मग दाबाची चाचणी, मग भिंत आणि जमीन, आणि वस्तू सर्वांत शेवटी. पण वस्तू हातात आल्याशिवाय पाइपाची तोंडं कायम करू नका, कारण जुन्या बेसिनचं भोक आणि नव्या नळाचं अंतर कागदावर जुळलं तरी भिंतीवर जुळत नाही. दिवाळीनंतर सुरुवात करून मेअखेर गवंडीकाम संपवावं. जूनमध्ये ओल्या भिंतीवर लावलेला ऑइलपेंट फोड धरतो. घर पाडणाऱ्यांशी ओळख ठेवा आणि चार-सहा जादा वायसर, एक जादा दांडी, आणि उरलेल्या टाइलची पेटी माळ्यावर नाव लिहून ठेवा. पेटीवर टाइलच्या शिक्क्याचं नाव आणि माप दोन्ही लिहा, नुसतं "न्हाणी" लिहिलेल्या पेटीचा पुढच्याला उपयोग होत नाही.